स्थूल रुग्णाची भूल आणि मनगटातील धमनी : सोनोग्राफीच्या साहाय्याविषयी थोडेसे

सन्माननीय विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांजकडून आम्हांला दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. रुग्णालयात सोनोग्राफीचा स्वतंत्र कक्ष असताना शस्त्रक्रियागृहात आणखी एक यंत्र कशासाठी, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न नातेवाइकांचा. एका हाताला सलाइन लावलेले असताना दुसऱ्या मनगटात वेगळी नळी का घातली, आणि तिला औषधाच्या बाटलीऐवजी मॉनिटरची तार का जोडली? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. भूल दिलेल्या स्थूल रुग्णाच्या रक्तदाबावर क्षणोक्षणी लक्ष कसे ठेवावे, या एका अडचणीतून दोन्ही गोष्टी आल्या आहेत. ती अडचण आणि तिच्यावरचा उपाय सोप्या शब्दांत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

स्थूलता : आता केवळ शहराची नव्हे

मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर हा परिसर कष्टकऱ्यांचा. स्थूलता हा शहरातील बैठ्या माणसांचा विकार, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ होता. तो आता टिकणारा नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रियांपैकी सुमारे २४ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के व्यक्तींचे वजन उंचीच्या मानाने अधिक आढळले.

वजन अधिक आहे की नाही हे ठरविण्याचे साधे गणित असे : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उत्तर ३० किंवा अधिक आले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने ती स्थूलता. भारतीयांसाठी मात्र तज्ज्ञांनी २५ हीच स्थूलतेची सीमा सुचविली आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ६४ किलो झाले की ही सीमा गाठली जाते, ७७ किलोला जागतिक सीमा ओलांडली जाते आणि सुमारे १०२ किलोच्या पुढे अतिस्थूलता मानली जाते.

आपल्यासाठी सीमा खाली का आणावी लागली, याचे एक उत्तर पुणे जिल्ह्यातूनच मिळाले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गरोदर माता आणि त्यांची बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरेच कमी होते; परंतु शरीरातील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला बारीक, पण चरबीचे प्रमाण अधिक, अशी ही भारतीय देहरचना आहे. म्हणूनच मध्यम वजनाच्या माणसालाही आपल्याकडे मधुमेह आणि उच्च रक्तदाब लवकर जडतात. हे दोन्ही विकार धमन्या कठीण करतात, आणि भूल देताना त्याचा विचार करावाच लागतो.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. स्थूलता हा रुग्णाचा दोष मानून त्याला बोल लावणे कोणाच्याही हिताचे नाही. भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने ती देहाची एक अवस्था आहे आणि तिच्यासाठी वेगळी तयारी करावयाची असते, इतकेच.

भुलेत काय घडते?

संपूर्ण भूल दिली की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो आणि नळी बसवून यंत्राद्वारे श्वास सुरू करेपर्यंत फुप्फुसांत साठविलेल्या प्राणवायूवरच शरीर चालते. स्थूल व्यक्ती उताणी निजली की पोटाचा भार श्वासपटलावर येतो, फुप्फुसांतील साठा घटतो. शरीराची प्राणवायूची गरज मात्र अधिक असते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भुलेपूर्वी पुरेसा प्राणवायू देऊनही, श्वास थांबल्यानंतर रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९० टक्क्यांवर येण्यास सर्वसाधारण वजनाच्या रुग्णांत सुमारे सहा मिनिटे लागली, तर अतिस्थूल रुग्णांत ती वेळ पावणेतीन मिनिटांच्या आसपासच होती. अशा रुग्णाच्या बाबतीत भूलतज्ज्ञाच्या हाती वेळ थोडा असतो.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडते. भुलेच्या औषधांनी रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. हृदय, मेंदू व मूत्रपिंडे यांना होणारा रक्तपुरवठा त्यामुळे घटू शकतो. ज्याला आधीपासून उच्च रक्तदाब आहे, त्याच्या शरीराला ही घसरण अधिक बाधते. ती वेळीच कळली तर औषधाने सावरता येते. ती वेळीच कळावी कशी, हाच खरा प्रश्न आहे.

दंडावरील पट्ट्याची मर्यादा

रक्तदाब म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दंडाला गुंडाळावयाचा पट्टा येतो. इटलीतील डॉ. रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये हे साधन प्रचारात आणले आणि रशियातील डॉ. कोरोटकोव्ह यांनी १९०५ मध्ये त्याला स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जोड दिली. आजही बहुसंख्य शस्त्रक्रियांत हाच पट्टा, आता यंत्राने आपोआप फुगणारा, पुरेसा असतो.

स्थूल रुग्णात मात्र तो दोन प्रकारे अपुरा पडतो. पट्ट्यातील फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के आणि लांबी ८० टक्के असावी लागते. दंडाचा घेर ४० सेंटिमीटर असेल तर फुगा १६ सेंटिमीटर रुंद हवा. प्रौढांसाठीचा नेहमीचा फुगा १२ ते १३ सेंटिमीटरच असतो. अरुंद पट्टा रक्तदाब खऱ्यापेक्षा अधिक दाखवितो. अर्थात रक्तदाब उतरलेला असताना तो ठीक असल्याचा भास होऊ शकतो आणि हाच मोठा धोका आहे. मोठा पट्टा आणावा तर दुसरी अडचण येते. स्थूल दंड खांद्याकडे जाड आणि कोपराकडे निमुळता असल्यामुळे पट्टा नीट बसत नाही, फुगताना खाली घसरतो.

दुसरी मर्यादा वेळेची. पट्टा साधारणपणे दर तीन ते पाच मिनिटांनी फुगवितात. पाच मिनिटांत हृदयाचे सुमारे साडेतीनशे ठोके पडतात. मोठ्या शस्त्रक्रियेत, रक्तस्राव होत असताना, तेवढा काळ अंधारात राहणे परवडणारे नसते.

धमनीतील नळी

यावरील उपाय म्हणजे रक्तदाब प्रत्यक्ष धमनीतच मोजणे. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत नळी घालून तिला काचेची उभी नळी जोडली. तिच्यातील रक्ताचा स्तंभ आठ फुटांहून वर चढला. १७३३ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. आज काचेच्या उंच नळीची आवश्यकता उरलेली नाही. मनगटातील धमनीत एक बारीक, मऊ प्लॅस्टिकची नळी ठेवतात. तिला सलाइनने भरलेली कडक नळी जोडतात आणि तिच्यातून आलेला दाब एक संवेदक विजेच्या संकेतात बदलतो. मॉनिटरवर प्रत्येक ठोक्याची लाट उमटते. सलाइनच्या पिशवीवर ३०० मिलिमीटर दाब ठेवून तासाला सुमारे तीन मिलिलिटर सलाइन सतत पुढे जात राहते, त्यामुळे नळीत रक्त गोठत नाही. रक्तातील प्राणवायू व आम्ल तपासण्यासाठी लागणारे नमुनेही तिच्यातूनच घेता येतात. रुग्णाला पुन्हा पुन्हा टोचावे लागत नाही.

हे साधन अचूक असले तरी त्याला जागरूक माणूस लागतो. संवेदक हृदयाच्या पातळीवरच ठेवावा लागतो. तो दहा सेंटिमीटर खाली राहिला तर रक्तदाब साडेसात मिलिमीटरने अधिक दिसतो. स्थूल रुग्णाचे डोके व खांदे उशांनी उंच करून भूल देतात, शस्त्रक्रियेच्या वेळी टेबल वरखाली कलते. अशा प्रत्येक बदलानंतर संवेदकाची पातळी पुन्हा जुळवावी लागते.

बोटांना न लागणारी नाडी

धमनीत नळी बसविण्याची परंपरागत रीत बोटांची आहे. वैद्य नाडी पाहतात तेथेच, अंगठ्याच्या बाजूस मनगटावर, बोटाने ठोका शोधावयाचा आणि त्याच्या अनुरोधाने सुई घालावयाची. अनुभवी हाताला हे बहुतेक रुग्णांत सहज साधते. परंतु येथील धमनीची रुंदी दोन ते तीन मिलिमीटरच असते. वर चरबीचा थर असला की ठोका बोटापर्यंत मंदपणे पोहोचतो, नेमका कोठून येतो हे समजत नाही. भुलेने रक्तदाब उतरलेला असेल तर तो आणखी क्षीण होतो. म्हणजे नळीची गरज जेव्हा सर्वाधिक, तेव्हाच नाडी हाती लागणे सर्वांत कठीण असते.

सुई चुकली की दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा टोचावे लागते. प्रत्येक टोचणीने धमनी आकसते, आसपास रक्त साकळते, आणि पुढचा प्रयत्न अधिकच अवघड होतो. रुग्ण भुलेत असल्यामुळे त्याला त्या क्षणी वेदना होत नाही, हे खरे; पण सुजलेले, काळेनिळे मनगट घेऊन तो जागा होतो, आणि शस्त्रक्रियागृहातील मोलाची मिनिटे खर्ची पडलेली असतात.

ध्वनिलहरींची मदत

येथे सोनोग्राफी साहाय्याला येते. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्यांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ती आकाशातून आलेल्या लहरी केवळ टिपते. सोनोग्राफीचे यंत्र स्वतः लहरी सोडते आणि त्यांचा प्रतिध्वनी ऐकते, अंधारात उडणाऱ्या वटवाघळाप्रमाणे. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मनगटावर ठेवावयाच्या सपाट तोंडाच्या प्रोबमधून सेकंदाला सुमारे एक कोटी कंपनांच्या लहरी निघतात. त्वचा, चरबी, स्नायूबंध आणि रक्तवाहिनी यांवरून त्या निरनिराळ्या तीव्रतेने परततात आणि पडद्यावर चित्र तयार होते. यात क्ष-किरण मुळीच नसतात.

कंपने जितकी अधिक तितके चित्र रेखीव, पण लहर तितकी उथळ जाते. शिवाय चरबीतून जाताना ती विखुरते व चित्र धूसर होते. मनगटाची सोय अशी की, स्थूल व्यक्तीतही तेथील धमनी फार खोल नसते. जांघेतील धमनी मात्र अशा रुग्णात बरीच खोल जाते, वर पोटाची घडी येते आणि तेथे स्वच्छता राखणेही कठीण असते. म्हणून शक्यतो प्रथम पसंती मनगटालाच दिली जाते.

प्रत्यक्ष कृती अशी. मनगटाखाली कापडाची लहान गुंडाळी ठेवून हात मागे वाकवितात, त्वचा जंतुनाशकाने पुसतात, प्रोबवर निर्जंतुक आवरण चढवितात. रुग्ण जागा असेल तर ती जागा आधी बधिर करतात. पडद्यावर धमनी काळ्या वर्तुळासारखी दिसते. प्रोबने हलकेच दाबले की शेजारची शीर चपटी होते; धमनी मात्र सहजी दबत नाही, ठोक्यागणिक धडधडत राहते. दोहोंतील फरक ओळखण्याची ही सोपी खूण. मग सुई घालतात. तिचे टोक पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसते. प्रोब किंचित पुढे सरकवावयाचा, ठिपका नाहीसा झाला की तो पुन्हा दिसेपर्यंत सुई पुढे न्यावयाची, असे करीत ते टोक काळ्या वर्तुळाच्या मध्यभागी आणतात. सुईतून बारीक तार सरकवून तिच्यावरून नळी आत नेण्याची युक्ती स्वीडनमधील डॉ. सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली. गरज भासेल तेथे तीच आजही वापरतात.

याचा उपयोग किती? २०११ मध्ये चार अभ्यासांतील ३११ रुग्णांच्या एकत्रित परीक्षणात, पहिल्याच प्रयत्नात नळी बसण्याचे प्रमाण सोनोग्राफीच्या साहाय्याने बोटांच्या रीतीपेक्षा सुमारे १.७ पट आढळले. ते परीक्षण केवळ स्थूल रुग्णांचे नव्हते. तथापि बोटाला ठोका लागत नाही तेथे डोळ्यांना धमनी दिसणे किती मोलाचे, हे वेगळे सांगावयास नको. मात्र यंत्र आणले म्हणजे कौशल्य आले, असे होत नाही. पडद्याकडे पाहत हात चालविणे ही शिकून, सराव करून अंगी बाणवावयाची विद्या आहे. दिसलेला ठिपका सुईचे टोक आहे की तिचा मधला भाग, हे ओळखता आले नाही तर चित्र पाहूनही सुई धमनीच्या पार जाऊ शकते.

कायद्याची चौकट

सोनोग्राफीचे यंत्र इतर उपकरणांसारखे विकत घेऊन वापरता येत नाही, हे देणगीदारांनी विशेषत्वाने ध्यानी घ्यावे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वप्रथम, कायदा केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. यंत्र केवळ मनगटातील धमनी पाहण्यासाठी वापरावयाचे असले तरी, त्याने गर्भही पाहता येतो. म्हणून त्याची नोंदणी अटळ आहे. नोंदणी नसलेल्या संस्थेला किंवा व्यक्तीला असे यंत्र मोबदला घेऊन वा न घेता देणेही निषिद्ध आहे. हलविता येण्याजोग्या यंत्रांच्या वापरावर २०१२ पासून आणखी निर्बंध आहेत.

तेव्हा एखाद्या हितचिंतकाने आपल्याकडील जुने यंत्र सद्‌भावनेने रुग्णालयास देऊ केले, तर आम्ही आधी कागदपत्रांची पूर्तता मागतो, याचा कृपया विषाद मानू नये. त्याचप्रमाणे शस्त्रक्रियागृहातील यंत्र शेजारच्या गावातील शिबिरासाठी मागितले गेल्यास नम्र नकार द्यावा लागतो. मुलींच्या रक्षणासाठी केलेला हा कायदा आहे. त्याची थोडी गैरसोय आपण सर्वांनी आनंदाने सोसावी.

धोके आणि मर्यादा

धमनीत नळी प्रत्येक स्थूल रुग्णास लागत नाही. लहान शस्त्रक्रिया असेल, पट्टा नीट बसत असेल, हृदय निरोगी असेल, तर ती टाळणेच योग्य. मोठी शस्त्रक्रिया, रक्तस्रावाची शक्यता, हृदयविकार, किंवा पट्ट्याचे आकडे भरवशाचे नसणे, अशा कारणांनीच ती घालतात.

तिचे धोकेही सांगितले पाहिजेत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मनगटातील धमनीच्या १९ हजारांहून अधिक नळ्यांच्या आढाव्यात सुमारे पाचांपैकी एका रुग्णात धमनी काही काळ बंद पडल्याचे दिसले. परंतु हाताला दोन धमन्यांतून रक्त मिळत असल्यामुळे बहुतेकांना त्याची जाणीवही झाली नाही. रक्तपुरवठा तुटून कायमची इजा होण्याचे प्रमाण हजारात एकाहून कमी होते. रक्त साकळणे, जंतुसंसर्ग, नळी सुटून रक्तस्राव होणे हेही संभवते. म्हणूनच नळी आवश्यक असेपर्यंतच ठेवतात.

सर्व साधने असूनही काही रुग्णांना येथे भूल देणे श्रेयस्कर नसते. अतिस्थूलतेबरोबर हृदय किंवा फुप्फुस यांचा गंभीर विकार असेल, शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता असेल, तर सुमारे ६० किलोमीटरवरील पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात नेण्याचा सल्ला दिला जातो. त्या सल्ल्यामागे केवळ रुग्णाच्या सुरक्षिततेचा विचार असतो, असा विश्वास नातेवाइकांनी बाळगावा.

नातेवाइकांस विनंती

भुलेपूर्वीच्या तपासणीत रुग्णाचे खरे वजन सांगावे. ते लपविल्यास औषधांचे प्रमाण चुकू शकते. रुग्ण झोपेत मोठ्याने घोरतो का, मध्येच श्वास अडकून दचकून उठतो का, दिवसा पेंगतो का, हे घरच्या माणसांनाच ठाऊक असते. ते आवर्जून सांगावे. रक्तदाब, मधुमेह आणि रक्त पातळ होण्याची औषधे यांची पाकिटे सोबत आणावीत आणि यांपैकी कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये.

शस्त्रक्रियेनंतर मनगटात नळी असेल तर तो हात पांघरुणाखाली झाकू नये, जोडणी हलवू नये. या नळीतून कोणतेही औषध द्यावयाचे नसते. बोटे थंड, पांढरी वा निळसर दिसली, हात बधिर झाला, किंवा रक्त दिसले तर तत्काळ परिचारिकेस बोलवावे. नळी काढल्यावर काही मिनिटे ती जागा घट्ट दाबून धरतात. त्यानंतर थोडा काळा डाग राहिल्यास तो काही दिवसांत जातो. सूज वाढली किंवा ठणका लागला तर मात्र दाखवावयास यावे.

आभार आणि आवाहन

यंत्र एकदाच विकत घ्यावे लागते. पण निर्जंतुक आवरण, नळी, तार व संवेदक प्रत्येक रुग्णासाठी नवे लागतात, प्रोबची निगा राखावी लागते आणि डॉक्टर व परिचारिका यांना प्रशिक्षणासाठी पाठवावे लागते. हा खर्च दरवर्षीचा आहे, आणि त्यावर कोणाच्या नावाची पाटी लावता येत नाही. तरीही एखाद्या शेतकरी भगिनीचे मनगट चार वेळा टोचण्याऐवजी एकदाच टोचले जाते आणि तिचा उतरलेला रक्तदाब पाच मिनिटांनी कळण्याऐवजी त्याच क्षणी कळतो, तेव्हा आपल्या देणगीचे सार्थक झालेले असते. ज्या दात्यांनी अशा न दिसणाऱ्या खर्चासाठीही हात मोकळा ठेवला, त्यांचे आम्ही ऋणी आहोत.